सोशल वर्कर दारात आली म्हणजे मुलं गेली?

इंग्लंडमधल्या आपल्या लोकांत वर्षानुवर्षं फिरणारा मेसेज: 'नवऱ्याच्या दारूबद्दल बोललात, तर सोशल वर्कर मुलं उचलून नेते.' (सोशल वर्कर म्हणजे तिथल्या पालिकेची, मुलांची सुरक्षितता पाहणारी कर्मचारी.)

भीती समजते. नोकरी डळमळीत, व्हिसा त्याच नोकरीला बांधलेला, जवळ ना आई ना सासू. पण तसं नाही. तिथला १९८९चा चिल्ड्रन ॲक्ट पाहा. आईवडिलांच्या संमतीवाचून मूल हलवायला सोशल वर्करला कोर्टाचा आदेश लागतो. गंभीर धोका असेल तर पोलीस हलवू शकतात, तेही जास्तीत जास्त ७२ तास. हे कलम ४६. कलम १७ तर मूल घरातच वाढावं म्हणून कुटुंबाला मदत देण्याचं. कायदा सरकारी साइटवर फुकट वाचता येतो.

आलेल्या बाईंना सरळ विचारा, 'कोणत्या कलमाखाली आलात?' आणि दुभाषी मागा. बापाच्या बाटल्यांबद्दलचं बोलणं आठ वर्षांच्या लेकीकडून भाषांतर करून घेऊ नका.