पाइप फुटतो तो दाब आणि पाइप चालतो तो दाब

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझं लेथचं काम. टॉवेलच्या कारखान्यातला एक तरुण मेकॅनिक परवा हवेच्या लाइनचा गंजलेला तुकडा घेऊन आला. "काका, एक इंची बी क्लास पाइप सहाशे वीस केजी दाब घेतो, मी हिशेब केलाय. आपला कंप्रेसर आठ केजीला कट होतो. मग लाइन बदलायची कशाला?"

त्याचा आकडा बरोबर होता, पण तो पाइप फुटण्याचा आकडा होता. लाइन कितीवर चालवायची हा वेगळा आकडा, आणि या दोन आकड्यांची गल्लत मी वीस वर्षं बघतोय.

त्याने वापरलेलं सूत्र बार्लोचं: धातूची ताकद गुणिले भिंतीची जाडी गुणिले दोन, भागिले बाहेरचा व्यास. आयएस 1239 (स्टीलच्या पाइपांचं भारतीय मानक) च्या पाइपाची तुटण्याची ताकद कमीत कमी 320 मेगापास्कल धरतात. एक इंची बी क्लासची, म्हणजे निळ्या पट्ट्याच्या पाइपाची जाडी 3.2 मिमी, बाहेरचा व्यास 33.7 मिमी. उत्तर येतं जवळपास 61 मेगापास्कल, म्हणजे 620 केजी. (आपण शॉपमध्ये केजी म्हणतो ते चौरस सेंटिमीटरवरचे किलो. 1 मेगापास्कल म्हणजे सुमारे 10.2 केजी.)

हा आकडा कोऱ्या, सरळ, एकसारख्या जाडीच्या नळीचा. तशी नळी कारखान्यात कुठेच बसवलेली नसते. त्याच कागदाच्या मागे मी त्याला पुढचा हिशेब करून दाखवला.

पाइप बनताना जाडी दहा टक्क्यांपर्यंत कमी भरू शकते, तेवढी सूट धरलेलीच असते. 3.2 चे झाले 2.88. मग आपण डाय फिरवून आटे पाडतो. एक इंची आट्याची खोली जवळजवळ 1.48 मिमी. म्हणजे सांध्यापाशी उरली 1.4 मिमी भिंत, निम्म्याहूनही कमी. पाइप नेहमी आट्यापाशीच का तुटतो, त्याचं कारण हेच. आता गंज. दाबलेली हवा लाइनमध्ये गार झाली की तिच्यातलं पाणी सुटतं आणि खालच्या बाजूला साचतं. वर्षानुवर्षं ड्रेन कॉक, म्हणजे हे पाणी सोडायची तोटी, कोणी उघडला नाही, तर आतून एक मिमी धातू सहज खाल्ला जातो. उरले 0.4 मिमी. तेच सूत्र पुन्हा लावा: 77 केजी.

हाही फुटण्याचाच दाब. चालवायचा दाब काढायला त्याला चारने भागा, की आले 19. नळी लांबीभर वेल्ड केलेली असते, त्यासाठी 0.85 ने गुणलं, तर 16 च्या आसपास. सहाशे वीसचे उरले सोळा, कंप्रेसरच्या आठच्या जेमतेम दुप्पट, आणि गंज काही थांबत नाही.

चारने भागणं म्हणजे घाबरटपणा, असं पुष्कळांना वाटतं. मला तसं वाटत नाही. कंप्रेसर दिवसातून शंभर वेळा चालू-बंद होतो, लाइन हादरते, कोणीतरी तिच्यावर शिडी टेकवतो. शिवाय फुटायच्या बराच आधी धातू ताणून फुगतो, आणि एकदा फुगला की मूळ मापावर येत नाही. हे सगळं त्या चारमध्ये धरलेलं आहे. भंगार बाजारातून आणलेल्या, शिक्का नसलेल्या नळीची तर ताकदच माहीत नसते. तिथे सूत्रात घालायला पहिलाच आकडा नाही, म्हणून असल्या नळीत हवा भरायचं काम मी घेत नाही. कोणी कितीही पैसे देवो.

त्याचा पुढचा प्रश्न चांगला होता: "मग दहा केजीची हवा भरून बघू की, टिकली तर टिकली." टेस्ट पाण्याने करतात, हवेने नाही. 200 लिटरच्या टाकीत दहा केजीने पाणी भरलं, तर ते दबतं फक्त 90 मिलिलिटर, चहाच्या कपाएवढं. टाकी चिरली तर पाणी गळतं आणि दाब क्षणात उतरतो. त्याच टाकीत तेवढ्याच दाबाची हवा असेल, तर बाहेर पडताना ती सुमारे 2000 लिटर जागा मागते, आणि सगळी एकदम मागते. गेजवर आकडा एकच दिसतो, आत साठलेला जोर मात्र कुठल्या कुठे. म्हणून चालण्याच्या दाबाच्या साधारण दीडपट पाण्याची टेस्ट, तीही लाइनमधली सगळी हवा काढून.

पीव्हीसीचं तर आणखी वेगळं. त्या पाइपावर छापलेले दहा केजी हा चालण्याचाच दाब असतो, म्हणून लोक निर्धास्त होतात. पण तो पाण्यासाठी आणि 27 अंशांना दिलेला आहे. मे महिन्यात सोलापुरात बाहेर 43 असतं, पत्र्याखाली त्याहून जास्त, आणि तापलेल्या पीव्हीसीची ताकद उतरत जाते. शिवाय हवा भरलेला पीव्हीसी फुटला तर चिरत नाही, काचेसारखे तुकडे उडतात. पाण्याला खुशाल वापरा, हवेला कधीच नको.

त्या पोराने आणलेला तुकडा मी आट्यापाशी करवतीने उभा कापला. खालच्या बाजूला कॅलिपर लावला, 0.3 मिमी. वरची बाजू नव्यासारखी होती. त्याने तिथूनच मालकाला फोन लावला आणि सी क्लासच्या, म्हणजे आणखी जाड भिंतीच्या पाइपाच्या, दोन लेंथ सांगितल्या.