घटनेचा अर्थ लावताना इतिहासाचा वापर (भारत)

घटनेतल्या एखाद्या शब्दावरून कोर्टात भांडण लागलं की तो शब्द तिथे आला कसा, आधीच्या मसुद्यात काय होतं, कोणती दुरुस्ती फेटाळली गेली हे सगळं उकरून काढतात, आणि त्यावरून अर्थ ठरवायचा प्रयत्न होतो. भारतात हा इतिहास म्हणजे मुख्यतः घटना समितीतल्या चर्चा, ९ डिसेंबर १९४६ ला सुरू झालेल्या, आणि त्यांचे छापील खंड आता नेटवरही फुकट वाचायला मिळतात.

सुरुवातीला सुप्रीम कोर्टाला हे फारसं पसंत नव्हतं. एका सभासदाचं भाषण म्हणजे सगळ्या सभागृहाचं मत नाही, बाकीच्यांनी कोणत्या कारणाने हात वर केला कुणास ठाऊक, असा साधा मुद्दा होता. पण १९५० च्या ए. के. गोपालन केसमध्येच (कम्युनिस्ट नेते, मद्रासच्या तुरुंगात स्थानबद्ध) गोची झाली. कलम २१ च्या (जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क) मसुद्यात आधी ‘ड्यू प्रोसेस’ (म्हणजे कायदा स्वतः न्याय्य आहे का हेही कोर्टाला बघता येतं) असा अमेरिकन शब्दप्रयोग होता, घटना सल्लागार बी. एन. राव १९४७ मध्ये अमेरिकेत तिथल्या सुप्रीम कोर्टाचे जस्टिस फ्रँकफर्टर यांना भेटून आले, फ्रँकफर्टर यांनी हे ठेवू नका म्हणून सांगितलं, आणि मग मसुदा समितीने तिथे जपानच्या घटनेसारखे ‘कायद्याद्वारे प्रस्थापित कार्यपद्धती’ हे शब्द घातले. सरन्यायाधीश कानिया म्हणाले की भाषणं नको, पण शब्द मुद्दाम वगळलाय एवढं तर बघता येईल. गोपालन हरले. पुढे १९७८ मध्ये मनेका गांधींच्या पासपोर्टच्या केसमध्ये कोर्टाने ती कार्यपद्धती न्याय्य आणि वाजवीच हवी असं ठरवलं, म्हणजे घटना समितीने पुढच्या दाराने घालवलेला पाहुणा मागच्या दाराने घरात आलाच.

इतिहास सोयीने वापरला जातो याचं सगळ्यात ठळक उदाहरण न्यायाधीशांच्या नेमणुकांचं. २४ मे १९४९ ला घटना समितीचे सभासद बी. पोकर साहेबांची दुरुस्ती चर्चेला होती, की नेमणुकीला सरन्यायाधीशांची संमती लागावी. आंबेडकरांनी उत्तर देताना सांगितलं की सरन्यायाधीश कितीही मोठा माणूस असला तरी शेवटी माणूसच, त्यालाही रागलोभ, पूर्वग्रह असतात, त्याच्या हातात नकाराधिकार देणं धोक्याचं आहे. दुरुस्ती पडली, ‘सल्लामसलत’ हाच शब्द राहिला. १९९३ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या बेंचने त्याच शब्दातून सरन्यायाधीशांच्या मताला प्राधान्य दिलं आणि कॉलेजियम (ज्येष्ठ न्यायाधीशांनीच न्यायाधीश निवडायची पद्धत) जन्माला आलं! आता यावर न्यायव्यवस्थेच्या स्वातंत्र्याचा युक्तिवाद आहे आणि तो पोकळ नाही, आणीबाणीत न्यायाधीशांच्या बदल्या कशा झाल्या ते सगळ्यांनी बघितलंय, पण मग तो अर्थ १९४९ च्या इतिहासातून आला असं म्हणू नये, तो नंतरच्या अनुभवातून आला. २०१५ मध्ये कॉलेजियमच्या जागी आणलेल्या न्यायाधीश नेमणूक आयोगाचा कायदा ४ विरुद्ध १ ने रद्द झाला तेव्हाही कोर्टात तेच जुने खंड उघडले गेले.

उलट आरक्षणात आंबेडकरांचं भाषण कोर्टाने हौसेने उचललं. ३० नोव्हेंबर १९४८ ला त्यांनी उदाहरण दिलं होतं की ७० टक्के जागा राखीव आणि ३० टक्केच खुल्या ठेवल्या तर समान संधीचं काय उरलं. १९९२ च्या इंद्रा साहनी निकालात ५० टक्क्यांची मर्यादा आली त्याला या भाषणाचा टेकू आहे. ५० हा आकडा मात्र त्यांनी दिला नव्हता, तो कोर्टाचा.

इतिहास फक्त १९४९ पर्यंतचा नसतो, घटनादुरुस्तीचाही असतो. ५ मे २०२१ च्या मराठा आरक्षण निकालात प्रश्न होता की २०१८ च्या १०२ व्या घटनादुरुस्तीने मागास वर्ग ठरवायचा राज्यांचा अधिकार गेला का. दोन न्यायाधीशांनी राज्यसभेच्या प्रवर समितीचा (विधेयक तपासणारी खासदारांची समिती) अहवाल आणि मंत्र्यांचं निवेदन वाचून ‘नाही गेला’ म्हटलं, तिघांनी कलमाचा मजकूर बघून ‘गेला’ म्हटलं. तीन वर्षांपूर्वीचीच दुरुस्ती, केंद्र सरकार स्वतः कोर्टात सांगतंय की आमचा तसा हेतू नव्हता, तरी बहुमत मजकुराच्या बाजूने गेलं. मग त्याच वर्षी ऑगस्टमध्ये १०५ वी घटनादुरुस्ती करून राज्यांचा अधिकार कलमातच लिहून टाकावा लागला.