हळदीचा रंग नेमका कशात उतरतो?

आज स्वयंपाक करताना एक करून बघा, एका वाटीत गार पाणी घ्या, दुसरीत थोडं कोमट तेल, आणि दोन्हीत चिमूटभर हळद टाका. पाण्यातली हळद जरा वेळ गढूळपणा करते आणि तळाशी जाऊन बसते, तेलाला मात्र मस्त रंग चढतो. कारण ज्याच्यामुळे हळद पिवळी असते ते कर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळतच नाही. फोडणी म्हणजे खरंतर रोजचं एक्स्ट्रॅक्शनच आहे, म्हणजे द्रवाने पदार्थातलं हवं ते ओढून काढणं.

हेच काम कारखान्यात मोठ्या प्रमाणावर होतं. हळकुंडात कर्क्युमिन साधारण २ ते ५ टक्केच, ते वेगळं काढायला अ‍ॅसिटोन, इथाइल अ‍ॅसिटेट असले सॉल्व्हंट, म्हणजे विरघळवणारे द्रव वापरतात, तेलबियांसाठी तर पेट्रोलियमपासून मिळणारं हेक्झेन. ते ६९ अंशांच्या आसपास उकळून उडून जातं, म्हणून तयार मालात फार राहत नाही हे खरं, पण पटकन पेट घेतं, आणि वर्षानुवर्षं त्याची वाफ श्वासात गेली की कामगारांच्या हातापायांच्या नसा खराब होतात, मुंग्या येतात, बधिरपणा येतो. डबीवर 'हर्बल' लिहिलेलं असतं, पण अर्क कशाने ओढून काढला हे कुणी विचारतच नाही, आणि मला वाटतं तेच आधी विचारायला पाहिजे.

मग पर्याय काय? सगळ्यात साधा म्हणजे अल्कोहोल, उसाच्या मळीपासून आपल्याकडे बनतंच, कर्क्युमिन त्यात छान विरघळतं. नवीन काही नाही म्हणून त्याची चर्चा कमी होते, हे मला पटत नाही. दुसरा पर्याय कार्बन डायऑक्साइड. ३१ अंशांच्या वर आणि हवेच्या दाबाच्या साधारण ७३ पटीहून जास्त दाबाखाली तो धड वायू राहत नाही, धड द्रवही नाही, वायूसारखा बारीक फटीत शिरतो आणि द्रवासारखं विरघळवतो. अशा कार्बन डायऑक्साइडने कॉफीतलं कॅफिन काढता येतं हे जर्मनीत म्युलहाइमच्या कोळसा संशोधन संस्थेत रसायनशास्त्रज्ञ कुर्ट झोसेल यांनी १९६७ मध्ये शोधलं. दाब सोडला की वायू निघून जातो, मागे काही उरत नाही. पण हळदीतून तो सुगंधी तेल घेतो आणि कर्क्युमिन बरंचसं तसंच सोडतो, आणि एवढा दाब सहन करणारी यंत्रं महाग पडतात.

मला सगळ्यात भारी वाटते ती तिसरी गोष्ट. झाडं अशी कितीतरी द्रव्यं बनवतात जी ना पाण्यात नीट विरघळतात ना तेलात, मग पेशीत ती राहतात कशात? नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठाचे यंग है चोई, रॉबर्ट व्हरपोर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये म्हटलं की पेशीत तिसरा एक द्रव असावा. साखर, सायट्रिक आम्ल, मॅलिक आम्ल, कोलीन (पेशींना लागणारं एक द्रव्य, इथे क्षाराच्या रूपात) हे वनस्पतीत भरपूर असतं, एकेकटं घेतलं तर घन, पण योग्य प्रमाणात मिसळून थोडं गरम केलं की काकवीसारखा चिकट द्रव होतो आणि गार झाल्यावरही द्रवच राहतो. रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी असे धरून ठेवतात की स्फटिकाच्या रांगेत बसायला त्यांना जमतच नाही. याआधी २००३ मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठाच्या अँड्र्यू अ‍ॅबट यांच्या गटाने कोलीन क्लोराइड आणि युरिया घेऊन असंच दाखवलं होतं, युरिया एकटा १३३ अंशांना वितळतो, मिश्रण १२ अंशांना!

हळदीला यातले आंबट द्रव फार मानवतात. हळदीत चुना कालवला की ती लाल होते, कुंकू असंच करायचे, पण अल्कलीत कर्क्युमिन टिकत नाही, लवकर तुटतं, आंबटात बऱ्यापैकी टिकतं. अडचण इतकीच की हे द्रव दाट, म्हणून थोडं पाणी घालून पातळ करावे लागतात, आणि फार पाणी झालं की ते बंधच सुटतात. शिवाय हा द्रव उडून जात नाही, मग कर्क्युमिन सोडवायचं कसं? भरपूर पाणी ओतायचं, ते खाली बसतं. पण तो द्रव परत वापरायचा तर सगळं पाणी आटवायला लागतं, त्याला इंधन लागतं, ते हिशोबात धरल्याशिवाय 'ग्रीन' म्हणू नये.

जिथे वेगळं काढायची गरजच नाही तिथे मात्र मजा आहे. कोकमाचा लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा, तो पाण्यातही विरघळतो आणि आंबटात टिकतो. कोकणात उन्हाळ्यात ताज्या कोकमाच्या साली बरणीत साखरेचे थर देऊन उन्हात ठेवतात, साखर रस ओढते, फळातलं आम्ल रंग सांभाळतं. पाणी बरंच असतं म्हणून त्याला तो तिसरा द्रव म्हणता यायचं नाही, पण साखर आणि आम्ल दोन्ही हजर असतात, आणि रंग ओढणारा द्रव काढून टाकायला लागत नाही, त्यात गार पाणी घालून आपण अमृत कोकम म्हणून पितो.