हवाई अंतर आणि उड्डाणकाळ

दोन शहरांमधील हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या पृष्ठभागावरून मोजलेले त्यांच्यातील सर्वांत कमी अंतर. ते बृहद्‌वृत्तावरून, म्हणजे पृथ्वीचे दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळावरून मोजतात. दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश आणि पृथ्वीची सरासरी त्रिज्या (६,३७१ किमी) हाती असली की गणित सुटते. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी असल्याने उत्तर फार तर अर्ध्या टक्क्याने चुकते. वैमानिक मात्र किलोमीटरऐवजी सागरी मैल (१,८५२ मीटर) आणि वेगासाठी नॉट (ताशी एक सागरी मैल) वापरतात.

सपाट नकाशा इथे हमखास फसवतो. माद्रिद आणि न्यूयॉर्क जवळजवळ एकाच अक्षवृत्तावर आहेत, पण त्या अक्षवृत्ताला धरून गेल्यास सुमारे ५,९४० किमी पडतात. बृहद्‌वृत्ताने जाणारी वाट ४६ अंश उत्तरेपर्यंत चढते आणि तरीही ५,७७० किमीच भरते.

अंतर ठरलेले असते, वेळ नसते. जेट विमान उंचीवर पोहोचल्यावर ताशी साधारण ८३० ते ९१० किमी वेगाने जाते. पण अंतराला या वेगाने भागून आलेला आकडा छोट्या प्रवासात तर अगदीच कुचकामी ठरतो, कारण तिथे बराचसा वेळ चढण्या-उतरण्यातच जातो.

सर्वांत मोठा फरक वारा पाडतो. मध्य अक्षांशांत ९ ते १२ किमी उंचीवर जेट प्रवाह, म्हणजे अतिवेगवान वाऱ्यांचे पट्टे, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. त्यामुळे लंडन–न्यूयॉर्क या सुमारे ५,५५० किमीच्या मार्गावर जाताना साधारण आठ तास लागतात, तर येताना सात. फेब्रुवारी २०२० मध्ये किआरा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचे बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून ४ तास ५६ मिनिटांत लंडनला उतरले. जाताना गेलेला वेळ येताना भरून निघतो, हा समज मात्र चुकीचा आहे. ३,६०० किमी अंतर, ताशी ९०० किमी वेग आणि १०० किमीचा वारा धरला, तर वाऱ्याविरुद्ध साडेचार तास व वाऱ्याबरोबर ३ तास ३६ मिनिटे लागतात. वारा नसता तर जाऊन-येऊन आठ तास पुरले असते, इथे सहा मिनिटे जास्त गेली.

शिवाय विमाने नेमकी बृहद्‌वृत्तावरून क्वचितच उडतात. वादळे, लष्करी क्षेत्रे, बंद हवाई हद्दी टाळाव्या लागतात. २०२२ मध्ये रशियाची हद्द बंद झाल्यावर हेलसिंकी–टोकियो प्रवास नऊ-साडेनऊ तासांवरून सुमारे तेरा तासांवर गेला. अंतर तेवढेच राहिले.

वेळापत्रकात दिलेला कालावधी प्रत्यक्ष हवेतला नसतो. विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून मुक्कामी उभे राहीपर्यंतचा हा ‘ब्लॉक टाइम’ असतो; धावपट्टीपर्यंतची रांग त्यातच धरलेली असते. निघण्याच्या व पोहोचण्याच्या वेळा ज्या-त्या शहराच्या स्थानिक घड्याळानुसार छापतात, म्हणून त्यांची नुसती वजाबाकी करून उड्डाणकाळ मिळत नाही.