गुरूचे चुंबकावरण

सूर्याकडून सतत वाहत येणाऱ्या विद्युत्भारित कणांच्या प्रवाहाला, म्हणजे सौरवाताला, थोपवून गुरूचे चुंबकीय क्षेत्र स्वतःभोवती जो प्रदेश राखते तो गुरूचे चुंबकावरण. सूर्याच्या दिशेला त्याची सीमा ग्रहापासून साधारण ३० ते ७० लाख किलोमीटरवर असते. सौरवाताचा जोर वाढला की ती आत दबते, ओसरला की फुगते. उलट बाजूची शेपटी शनीच्या कक्षेपर्यंत, सुमारे ६५ कोटी किलोमीटर लांब जाते. हे सारे डोळ्यांना दिसत असते, तर ठाण्यातून पाहताना पारसिकच्या डोंगरामागून उगवणाऱ्या गुरूभोवती पौर्णिमेच्या चंद्राहून मोठा आकार दिसला असता.

या क्षेत्राचा उगम गुरूच्या पोटात आहे. तिथल्या दाबाखाली हायड्रोजन धातूसारखा वीजवाहक होतो, आणि ग्रह स्वतःभोवती १० तासांच्या आतच एक फेरी पूर्ण करतो. या वीजवाहक द्रव्याच्या हालचालीतून क्षेत्र निर्माण होते. क्षेत्राचा अक्ष परिवलनाच्या अक्षाशी सुमारे १० अंशांनी कललेला आहे. त्याची दिशा पृथ्वीच्या क्षेत्राच्या उलट असल्याने तिथे होकायंत्राच्या सुईचे उत्तर टोक दक्षिणेकडे वळेल.

पृथ्वीच्या चुंबकावरणाचा अभ्यास नवी मुंबईत, नवीन पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेत होतो. तिथे शिकलेले मात्र गुरूला जसेच्या तसे लागू पडत नाही, आणि या विषयाची खरी गोडी त्या फरकातच आहे. आपल्याकडची चुंबकीय वादळे मुख्यतः सूर्याच्या लहरीवर चालतात. गुरूच्या चुंबकावरणाला लागणारी ऊर्जा प्रामुख्याने त्याच्या स्वतःच्या वेगवान परिवलनातून येते आणि आतला बराचसा माल आयो हा एकच उपग्रह पुरवतो.

आयोवर ज्वालामुखी अखंड धगधगत असतात. त्यांतून निघालेल्या गंधकाच्या संयुगांपैकी दर सेकंदाला सुमारे एक टन द्रव्य आयोची पकड सोडून अवकाशात जाते. त्याचे आयनीभवन झाले, म्हणजे त्याचे कण विद्युत्भारित झाले, की गुरूचे क्षेत्र त्याला पकडते आणि ग्रहाबरोबर गरगर फिरवू लागते. आयोच्या कक्षेवर अशा विद्युत्भारित वायूचे, म्हणजे प्लाझ्माचे, जाड कडे तयार झाले आहे. बाहेर सरकत जाणारा प्लाझ्मा केंद्रोत्सारी प्रेरणेने विषुववृत्ताच्या पातळीत पसरतो आणि चुंबकीय बलरेषांनाही ताणून चकतीचा आकार देतो. आयो या फिरत्या क्षेत्रातून जाताना लाखो अँपिअरचे प्रवाह बलरेषांवरून गुरूच्या ध्रुवांपर्यंत वाहतात. ते जिथे वातावरणात शिरतात, तिथे ध्रुवीय प्रकाशात वेगळा ठळक ठिपका चमकतो. युरोपा आणि गॅनिमीड या उपग्रहांचेही असे ठिपके आढळतात. आयोचा ठिपका मला या साऱ्या प्रकरणातला सर्वांत विलक्षण पुरावा वाटतो: चार लाख किलोमीटरवरच्या एका उपग्रहाची खूण गुरूच्या आकाशात सतत उमटत राहते.

गॅनिमीडला तर स्वतःचेच चुंबकीय क्षेत्र आहे. गॅलिलिओ यानाने १९९६ मध्ये ते शोधले. एका चुंबकावरणात दुसरे छोटे चुंबकावरण असल्याचे सूर्यमालेतले हे एकमेव ज्ञात उदाहरण.

ग्रहाजवळचे प्रारण पट्टे, म्हणजे क्षेत्रात अडकलेल्या वेगवान विद्युत्भारित कणांचे पट्टे, यानांना घातक ठरतात. १९७३ मध्ये पायोनिअर १० हे यान तिथून गेले तेव्हा त्याने सोसलेली प्रारणाची मात्रा माणसाला मारक ठरणाऱ्या मात्रेच्या कित्येक पट होती. २०१६ पासून गुरूभोवती फिरणाऱ्या जूनो यानाची इलेक्ट्रॉनिक सामग्री म्हणूनच टायटॅनियमच्या पेटीत ठेवली आहे. याच पट्ट्यांतील वेगवान इलेक्ट्रॉनांचे रेडिओ प्रारण नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी दुर्बिणीने टिपलेले आहे.

या चुंबकावरणाची पहिली चाहूलही रेडिओतूनच लागली. १९५५ मध्ये बर्क आणि फ्रँकलिन या शास्त्रज्ञांना २२.२ मेगाहर्ट्झवर गुरूचे स्फोटक संकेत सापडले. त्यांतले बरेचसे आयोच्या स्थानावर अवलंबून असतात, हे बिग या शास्त्रज्ञाने १९६४ मध्ये दाखवले. हे संकेत हौशी माणसालाही ऐकता येतात. २० मेगाहर्ट्झच्या आसपासचा रिसीव्हर आणि सुमारे सात मीटर लांबीचा तारेचा अँटेना पुरतो. ठाणे-वाशीच्या इमारतींत मात्र एलईडी दिवे, चार्जर आणि लिफ्ट यांच्या गोंगाटात गुरू हरवतो. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय निरीक्षणे १९०४ च्या सुमारास अलिबागला हलवावी लागली होती. अडचण त्याच जातीची. वांगणी किंवा माळशेजच्या बाजूला, बॅटरीवर चालणारा संच घेऊन, गुरू आकाशात वर असताना रात्री प्रयत्न करावा. आयोची अनुकूल स्थिती आधी कोष्टकात पाहून घ्यावी, नाहीतर रात्रभर नुसती खरखर ऐकू येते.