स्त्रियांसाठी सेक्स टॉय : प्राथमिक ओळख, गोव्याच्या संदर्भात

सेक्स टॉय म्हणजे लैंगिक सुखासाठी शरीराच्या बाहेरून किंवा आतून वापरायचे साधन. ते एकटीने वापरता येते, जोडीदारासोबतही वापरता येते. 'लैंगिक खेळणी' हे त्याचे मराठी रूप कानाला पोरकट लागते. बोलताना सगळे 'टॉय' किंवा (कंप देणारे असेल तर) 'व्हायब्रेटर'च म्हणतात, म्हणून इथेही तेच शब्द ठेवले आहेत. ऑनलाइन दुकानांत हीच वस्तू बरेचदा 'पर्सनल मसाजर' या नावाने असते. ही नोंद अठरा वर्षांवरील आणि पहिल्यांदाच या वाटेला येणाऱ्या स्त्रियांसाठी आहे.

गोव्यात कोकणी राजभाषा असली तरी पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या भागांत मराठी वाचणारी घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. या घरांतल्या मुलींना पाळीबद्दल आई किंवा मावशी काहीतरी सांगते. सुखाबद्दल कुणीच सांगत नाही. मग लग्नानंतर दहा-पंधरा वर्षे 'आपल्यातच काही कमी आहे' असे मानत काढलेल्या बायका भेटतात. बहुतेक वेळा कमी काहीच नसते, माहिती नसते.

ती माहिती शरीरापासून सुरू होते. स्त्रीच्या लैंगिक सुखाचे मुख्य केंद्र योनिमार्ग नसून शिश्निका, म्हणजे क्लिटोरिस, आहे. बाहेर दिसतो तो तिचा फक्त वाटाण्याएवढा टोकाचा भाग. उरलेली शिश्निका योनिमार्गाच्या दोन्ही बाजूंनी आत पसरलेली असते. ही रचना ऑस्ट्रेलियातील मूत्ररोगतज्ज्ञ हेलन ओकॉनेल यांनी १९९८ मध्ये नीट मांडली, म्हणजे अगदी कालपरवा. अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत, केवळ संभोगातून परमोच्च सुख मिळते असे सांगणाऱ्या स्त्रिया साधारण १८ टक्के निघाल्या. उरलेल्यांपैकी बहुतेकींना शिश्निकेला स्पर्श हवा होता किंवा त्याने सुख वाढत होते. पहिले टॉय निवडताना एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ. सिनेमात किंवा मोबाइलवर दिसणारी भलीमोठी लिंगाकृती वस्तू नवखीच्या कामाची क्वचितच असते.

प्रकार. सुरुवातीला सोयीचा प्रकार म्हणजे बुलेट. बोटाएवढा, बाहेरून वापरायचा छोटा व्हायब्रेटर. वाँड म्हणजे दांड्यासारखा व्हायब्रेटर. त्याचे डोके मोठे व गोल असते आणि त्याचा कंप खोलवर जातो. दुखऱ्या खांद्यालाही तो चालतो. एका जपानी कंपनीचे, १९६८ च्या सुमारास खांदे-पाठ रगडण्यासाठीच निघालेले एक वाँड पुढे जगभरच्या बायकांनी आपल्या कामाला लावले. हवेच्या दाबावर चालणारी साधने शिश्निकेवर टेकून बसतात आणि कंपाऐवजी हलकी ओढ देतात. डिल्डो आत घालण्यासाठी असतो, त्यात मोटर नसते. रॅबिट एकाच वेळी आत आणि बाहेर काम करतो, पण त्याची ठेवण प्रत्येकीच्या शरीराला जुळेलच असे नाही. पहिली खरेदी म्हणून मी तो सुचवणार नाही. आत घालायचेच असेल तर अडीच ते तीन सेंटिमीटर जाडीपासून सुरुवात करावी. गुदद्वारासाठीच्या साधनाला रुंद बूड असलेच पाहिजे, नाहीतर ते आत सरकते आणि काढायला इस्पितळ गाठावे लागते.

कशाचे बनले आहे. खरा धोका इथे असतो, आणि संकोचापायी तपासायचे राहून जाते तेही हेच. चोरून, घाईघाईत, सर्वांत स्वस्त वस्तू मागवली की हातात येते ती जेलीसारखी लिबलिबीत, गुलाबी किंवा जांभळी, खोका उघडताच नव्या रेनकोटसारखा उग्र वास मारणारी. तो वास बहुधा मऊ पीव्हीसी प्लॅस्टिक आणि त्याला मऊ ठेवणाऱ्या प्लॅस्टिसायझर या रसायनाचा असतो. अशा वस्तूचा पृष्ठभाग सच्छिद्र असतो. कितीही धुतली तरी आत ओल आणि जंतू राहतात, काही दिवसांनी ती चिकट होते. गोव्याच्या पावसाळ्यात, जिथे कपाटातल्या चामड्याच्या चपलांवर आठवड्यात पांढरी बुरशी चढते, तिथे ही वस्तू कशी होत असेल ते सांगायला नको.

घ्यायचे ते मेडिकल ग्रेड सिलिकॉनचे, कडक एबीएस प्लॅस्टिकचे, स्टेनलेस स्टीलचे किंवा बोरोसिलिकेट काचेचे. या पदार्थांत ओल मुरत नाही. हातात घेतल्यावर आधी वास घ्यावा. चांगल्या सिलिकॉनला जवळजवळ वासच नसतो. मग डोळे मिटून जोडावरून बोट फिरवावे. साच्याच्या दोन भागांची शिवण बोटाला खरखरीत लागली तर तीच शिवण नाजूक त्वचेला टोचणार. बटणाच्या कडेला फट दिसते का पाहावे. पाण्यात चालण्याबद्दल खोक्यावर आयपीएक्स ७ असे लिहिलेले असेल तर ते साधन एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरते, म्हणजे निर्धास्तपणे नळाखाली धुता येते. सेक्स टॉयच्या रचनेसाठी आणि सुरक्षिततेसाठी २०२१ पासून आयएसओ ३५३३ हे आंतरराष्ट्रीय मानकही आहे.

तेल आणि ल्युब (ओलावा देणारे वंगण). गोव्यातल्या घरात कोरडेपणावर पहिला उपाय म्हणजे खोबरेल. केसांना तेच, कातडीला तेच, बाळालाही तेच, मग इथे का नको, असा सरळ विचार होतो. ते विष नाही, आणि पुष्कळ बायकांना त्याचा त्रासही होत नाही. पण दोन गोष्टी माहीत हव्यात. कुठलेही तेल लेटेक्सच्या कंडोमला काही मिनिटांत कमकुवत करते. कंडोम फाटला की गर्भधारणा आणि संसर्ग दोन्हींचे भय. आणि योनिमार्गात तेल रेंगाळले की काहीजणींचा नैसर्गिक समतोल बिघडून वारंवार अंगावरून जाते, खाज सुटते. म्हणून टॉयसाठी पाण्यावर आधारलेले ल्युब सर्वांत बिनधोक. सिलिकॉनच्या टॉयला सिलिकॉनचे ल्युब लावू नये, पृष्ठभाग फुगतो आणि खराब होतो. ल्युब फार्मसीत कंडोमच्या शेजारी मिळते. अडचण वेगळीच असते: गावातल्या फार्मसीवाल्याला आपले सासर-माहेर दोन्ही ठाऊक असतात. म्हापशाला किंवा मडगावला गेल्यावर, अनोळखी दुकानातून घेणाऱ्या बायकांचे काहीच चुकत नाही.

घर आणि आवाज. जुन्या नळ्यांच्या घरात खोल्यांच्या भिंती छपरापर्यंत पोचत नाहीत. वर मोकळी जागा असते आणि एका खोलीतला खोकला चौथ्या खोलीत ऐकू येतो. अशा घरात व्हायब्रेटरचा आवाज हा खरा प्रश्न आहे. साधन आले की ते लाकडी पलंगाच्या काठाला न टेकवता उशीत धरून चालवून पाहावे. लाकूड कंप उचलते आणि आवाज कितीतरी वाढवते, कापूस तो गिळतो. पावसाची सर कौलांवर कोसळत असताना प्रश्नच उरत नाही. पार्सलचेही तसेच. वाड्यावर घरक्रमांक सापडत नाही, कुरियरवाला फोन करतो, उचलला नाही तर कोपऱ्यावरच्या दुकानात ठेवून जातो. बरेच विक्रेते साध्या खोक्यात, वर वस्तूचे नाव न लिहिता पाठवतात. तरी मागवण्याआधी विचारून घ्यावे आणि शक्य असल्यास कामाच्या ठिकाणचा पत्ता द्यावा.

पहिल्या वेळी घाई करू नये. दार लागते, तासभर कुणी हाक मारणार नाही, अशी वेळ निवडावी. आधी हात धुऊन बोटांनी स्वतःला ओळखावे, मग सर्वांत कमी वेग ठेवून साधन आधी मांडीच्या आतल्या बाजूला, मग कपड्यावरून, मग थेट. थेट टोकावर कंप सोसवत नसेल तर थोडे बाजूला सरकावे. खूप जणींना बाजूचाच स्पर्श आवडतो. पहिल्याच दिवशी काही विशेष घडले नाही तरी ते अपयश नव्हे. आणि दुखले तर थांबायचे. सुन्नपणा आला तर तो थोड्या वेळाने जातो. अमेरिकेतील २००९ च्या एका पाहणीत व्हायब्रेटर वापरणाऱ्यांपैकी ७१ टक्क्यांहून अधिक स्त्रियांना कधीच कुठला त्रास झाला नव्हता. 'सवय लागली की नवरा नकोसा होतो' या भीतीला आधार नाही. नवऱ्याशी बोलताना मात्र वेळ पाहावी. भांडणात तक्रार म्हणून टॉयचा विषय काढला तर तो त्याच्या कमीपणाचा दाखला वाटतो. 'मला असं आवडतं, तुझ्यासोबत करून बघूया का' एवढे साधे बोलणे पुरते.

कायदा, आणि कळंगुटचे दुकान. भारतीय कायद्यात 'सेक्स टॉय' असा शब्द नाही. अश्लील वस्तूंची विक्री, जाहिरात आणि विक्रीसाठी साठा यांवर पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम २९२ होते. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय न्याय संहितेचे कलम २९४ आले. स्वतःच्या वापरासाठी घरात वस्तू ठेवणे या कलमांत गुन्हा नाही. प्रश्न विक्रेत्यापुढे असतो: वस्तू मुळात अश्लील आहे का? कलकत्ता उच्च न्यायालयाने २०११ मध्ये कामोत्तेजनेसाठीची वस्तू केवळ त्या कारणाने अश्लील ठरत नाही असा निर्वाळा दिला. गोवा ज्याच्या अधिकारक्षेत्रात येतो त्या मुंबई उच्च न्यायालयापुढे मार्च २०२४ मध्ये बॉडी मसाजरच्या आयातीचे प्रकरण आले. ही यंत्रे सेक्स टॉय म्हणून वापरली जाऊ शकतात, म्हणून अश्लील वस्तूंच्या आयातीला मनाई करणाऱ्या १९६४ च्या अधिसूचनेखाली त्यांना बंदी आहे, असे कस्टम्सचे म्हणणे होते. ते न्यायालयाने फेटाळले.

गोव्यात हा विषय उघड्यावर आला तो २०२१ मध्ये. कळंगुटला 'कामा गिझ्मोज' नावाचे दुकान फेब्रुवारीत उघडले. देशातले पहिले कायदेशीर सेक्स टॉय दुकान म्हणून त्याच्या बातम्या सगळीकडे झळकल्या. मार्चमध्ये ते बंद पडले. पंचायतीकडे तक्रारी गेल्या होत्या आणि दुकानाकडे पंचायतीचा व्यापार परवाना नव्हता. परवाना नसलेले कुठलेही दुकान पंचायत बंद करू शकते, तेव्हा यातून वस्तूच बेकायदा ठरली असा अर्थ काढणे चूक आहे. पण एक संधी गेली खरी. दुकानात वस्तू हातात घेऊन, वास घेऊन, जोड तपासून घेता येते आणि विचारताही येते. पडद्यावरच्या चित्रावरून ते जमत नाही.

ही साधने परदेशी खूळ आहे असे म्हणणाऱ्यांसाठी: वात्स्यायनाच्या कामसूत्रात सातव्या अधिकरणात 'अपद्रव्ये', म्हणजे संभोगाची साधने, येतात. पुरुषाने लिंगावर धारण करायची, सोन्याची, रुप्याची, तांब्याची, हस्तिदंताची, शिंगाची. पाचव्या अधिकरणात अंतःपुरातल्या स्त्रिया कंद, मुळे, फळे यांचा कसा उपयोग करतात तेही आहे. उलट व्हिक्टोरियन डॉक्टरांनी हिस्टेरिया बरा करण्यासाठी व्हायब्रेटर शोधला ही लोकप्रिय गोष्ट मूळ पुराव्यांशी ताडून पाहिल्यावर टिकत नाही, असे दोन अभ्यासकांनी २०१८ मध्ये दाखवून दिले. मराठीत स्त्रीलाही कामसुखाचा हक्क आहे असे रघुनाथ धोंडो कर्वे १९२७ पासून आपल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकातून लिहीत होते. त्यासाठी त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. या विषयावर मराठीत स्वच्छ बोलण्याची वाट तेव्हाच पडलेली आहे.

डॉक्टरकडे कधी. संभोगात किंवा टॅम्पॉन घालतानाही योनीचे स्नायू आपोआप आवळून दुखत असतील तर तो व्हजायनिस्मस असू शकतो. त्यावर क्रमाक्रमाने जाड होत जाणारे डायलेटर उपचार म्हणून वापरतात, आणि ते डॉक्टरच्या किंवा फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने. पाळी गेल्यानंतरचा कोरडेपणा, प्रसूतीनंतरचे पहिले सहा आठवडे, सुरू असलेला संसर्ग, पेसमेकर: अशा वेळी आधी विचारावे. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) किंवा आपल्या नेहमीच्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडे हे विचारताना लाजायचे कारण नाही. त्यांच्यासाठी ही पोटदुखीसारखीच तक्रार. वास येणारा स्राव, रक्त किंवा ताप आला तर थांबू नये.

धुणे, ठेवणे, टाकणे. वापराआधी आणि नंतर कोमट पाणी व सौम्य साबण. मोटर नसलेले निखळ सिलिकॉन, स्टील पाच मिनिटे उकळता येते, वेगळ्या भांड्यात. पूर्ण सुकवून सुती पिशवीत ठेवावे. दोन सिलिकॉनच्या वस्तू एकमेकींना चिकटू देऊ नयेत. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत चार्जिंगची पिन गंजते, म्हणून पावसाळ्यात पिशवीत सिलिका जेलची पुडी टाकावी आणि सेलवर चालणाऱ्या साधनातले सेल काढून ठेवावेत. टॉय दुसऱ्या कुणाला देऊ नये. जोडीदारासोबत वाटून वापरायचे तर दरवेळी नवा कंडोम चढवावा.

टाकून द्यायची वेळ आली की पुन्हा धास्ती: सुका कचरा न्यायला येणाऱ्या बाईने पाहिले तर? साळगावसारख्या कचरा-प्रकल्पात कचरा वेगळा केला जातो, तेव्हा बॅटरीसकट वस्तू पिशवीत कोंबणे तिथे हाताने काम करणाऱ्यांसाठी धोक्याचे असते, लिथियमची बॅटरी दाबली की पेट घेते. सेल निघत असतील तर काढावेत. बॅटरी आतच बंद असेल तर साधन न फोडता, चार्ज उतरवून, धुऊन, कागदात गुंडाळून जुन्या मोबाइल-चार्जरबरोबर ई-कचऱ्यात द्यावे. मोटर नसलेल्या सिलिकॉनचे कात्रीने चार तुकडे केले की ते कशाचे होते हे कुणाला ओळखू येत नाही.