विकलेल्या घराची जाहिरात साइटवर तशीच? बडोद्यात ती उतरवायला कोणी, कुठे आणि कसा अर्ज करायचा

गोत्रीचा फ्लॅट विकला, दस्तावेज झाला, किल्ल्या दिल्या. तरी घरविक्रीच्या साइटवर तो अजून ‘विकणे आहे’, जुन्याच भावात, जुन्या मालकाच्या सोफ्यासकट. फोन जुन्या मालकाला येतात, घर बघायला माणसं नव्या मालकाच्या दारात उभी राहतात, आणि ज्याला खरंच घर हवंय तो भर उन्हात वासणा रोडपर्यंत जाऊन परत येतो. तक्रार तिघांनाही करता येते, पण तिघांचे रस्ते वेगळे. कुठल्याही रस्त्याला लागण्याआधी एक गोष्ट शोधून काढावी लागते : ही जाहिरात टाकली कोणी?

जाहिरातीच्या पानावर ‘ओनर’, ‘एजंट’ किंवा ‘बिल्डर’ असं लिहिलेलं असतं, पण त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. ‘फक्त मालकांची घरं’ असा फिल्टर लावणाऱ्यांपर्यंत पोचायला दलालही ओनर म्हणून नोंद करतात. जाहिरात देणाऱ्याच्या नावावर क्लिक करून त्याच्या बाकीच्या जाहिराती बघा. एकाच मालकाची कारेलीबागेत तीन आणि मांजलपुरात चार घरं निघाली, तर तो दलाल समजावा. एकच फ्लॅट पाच वेगवेगळ्या नंबरांवरून चढलेला असणंही नेहमीचं. तेव्हा इमारतीच्या नावाने शोधून सगळ्या जाहिराती आधी गोळा करा. एक उतरवली आणि चार राहिल्या तर फोन थांबत नाहीत.

जाहिरात तुम्हीच टाकली असेल तर

यात अर्ज वगैरे काही नाही. ज्या नंबरावरून जाहिरात टाकली त्याच नंबराने लॉगिन करायचं आणि ‘माझ्या जाहिराती’मध्ये जायचं. तिथे साधारण तीन पर्याय असतात : विकलं किंवा भाड्याने दिलं अशी खूण करणं, जाहिरात बंद करणं आणि ती काढून टाकणं. नुसती ‘विकलं’ अशी खूण केली तर पान आणि फोटो बऱ्याचदा तसेच राहतात, फक्त वर एक पट्टी येते. बंद केलेली जाहिरात पुन्हा चालू करता येते. घर खरोखर दुसऱ्याचं झालं असेल तर आधी फोटो एकेक काढा, मग जाहिरात काढून टाका. पैसे भरून पॅकेज घेतलं असेल तर ते आपोआप वाढवण्याची खूणही काढायला विसरू नका, नाहीतर जाहिरात पुन्हा वर आलेली दिसते.

गाडं अडतं ते जुन्या नंबरावर. विक्रीसाठी म्हणून घेतलेलं सिम बंद पडलेलं असतं, किंवा जाहिरात मुलाने त्याच्या नंबरावरून टाकलेली असते आणि मुलगा आता कॅनडात असतो. ओटीपी येत नाही, लॉगिन होत नाही. मग मालक असूनही पुढच्या, म्हणजे तक्रार अधिकाऱ्याच्या रस्त्यानेच जावं लागतं.

दलालाने किंवा भलत्याच कोणी टाकली असेल तर

इथे कायद्याचा आधार आहे तो माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०२१ च्या मध्यस्थ नियमांचा. जी साइट दुसऱ्यांनी टाकलेल्या जाहिराती दाखवते, ती मध्यस्थ. तिला तक्रार अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचं नाव, संपर्क साइटवर ठळक द्यावा लागतो. हे सहसा पानाच्या अगदी तळाशी, ‘ग्रीव्हन्सेस’ किंवा ‘टर्म्स’ या दुव्याआड सापडतं. जाहिरातीशेजारचं ‘रिपोर्ट’ बटण म्हणजे तक्रार अधिकारी नव्हे. ते दाबाच, पण त्याची पावती हातात राहत नाही आणि पुढे अपिलात ते दाखवता येत नाही.

तक्रार कोण करू शकतं? त्या साइटवर खातं असलेला कोणीही, आणि जाहिरातीमुळे ज्याला त्रास होतोय तो, खातं असो वा नसो. म्हणजे जुना मालक, नवा मालक, आत राहणारा भाडेकरू, तिघेही. परदेशात असलेल्या मालकाने घरच्या माणसाच्या नावे सहीचं अधिकारपत्र दिलं तर सहसा चालतं. एवढ्यासाठी मुखत्यारपत्र करत बसू नये.

कागद मोजकेच लागतात, पण नेमके हवेत :

जाहिरातीचा पूर्ण वेबपत्ता आणि तिच्यावरचा आयडी क्रमांक. ॲपमध्ये पत्ता दिसत नसेल तर ‘शेअर’ दाबून दुवा कॉपी करा.

स्क्रीनशॉट, ज्यात तारीख, भाव, फोटो आणि देणाऱ्याचं नाव एकत्र दिसतं. लॅपटॉपवर काढला तर कोपऱ्यातली तारीखही येते.

नव्या मालकासाठी इंडेक्स-२ (नोंदणी झालेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा) ची नक्कल. जुन्या मालकालाही तीच चालते, कारण घर हातातून गेल्याची तीच नोंद. भाडेकरूने भाडेकरार जोडावा.

ओळखीचा पुरावा. आधार देणार असाल तर मास्क केलेलं, म्हणजे फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं.

बडोद्यात बरेच जण यासाठी महानगरपालिकेचं वेरा बिल (घरपट्टीचं बिल) जोडतात. त्यावरचा सेन्सस नंबर (पालिकेचा मिळकत क्रमांक) घर ओळखायला उपयोगी पडतो, पण दस्तावेज झाल्यावर वेरा बिलावर नाव चढवायचं राहून जातं, कधी वर्ष-दोन वर्षं. जुन्या मालकाच्या नावाचं बिल नव्या मालकाने पाठवलं की साइटवाले हमखास शंका काढतात. म्हणून आधी इंडेक्स-२, आणि वेरा बिल नावावर झालेलं असेल तरच सोबत. दस्तावेजाची सगळी पानं मात्र पाठवू नका. त्यात अंगठ्याचे ठसे, फोटो, पॅन, साक्षीदार असं सगळं असतं. एक जाहिरात उतरवायला एवढं देण्याची गरज नाही.

मजकूर लांबवू नये. इतकं पुरतं (साइट इंग्रजीत उत्तरं देत असेल तर हेच इंग्रजीत करून पाठवा) :

“आयडी अमुक या जाहिरातीतली मिळकत, गोत्री, बडोदा, अमुक तारखेच्या नोंदणीकृत दस्तावेजाने विकली गेली आहे. इंडेक्स-२ सोबत जोडला आहे. ती आता विक्रीला नाही. जाहिरात देणाऱ्याला मालकाची परवानगी नाही. घराच्या आतले फोटो आमच्या खासगीपणाचा भंग करतात आणि मजकूर ग्राहकांची दिशाभूल करतो. जाहिरात, फोटो आणि तिच्या सर्व प्रती काढाव्यात आणि केलेली कारवाई लेखी कळवावी.”

यातले तीन मुद्दे विचार करून घातलेले आहेत. दुसऱ्याच्या मालकीची गोष्ट परवानगीशिवाय टाकणं, खासगीपणाचा भंग आणि दिशाभूल, हे तिन्ही नियमांतल्या मनाई असलेल्या मजकुराच्या यादीत बसतात. ‘जाहिरात जुनी आहे’ एवढंच लिहिलं तर साइटवाले ‘देणाऱ्याशी संपर्क साधा’ म्हणून मोकळे होतात. २४ तासांत पावती द्यायची असते. निकालाची मुदत २०२१ च्या मूळ मजकुरात १५ दिवस होती, २०२६ च्या दुरुस्तीने ती ७ दिवसांवर आली. खासगीपणाच्या मुद्द्यावर मुदत त्याहूनही कमी आहे, म्हणून तो मुद्दा गाळू नका.

उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ३० दिवसांच्या आत अपील करता येतं. सगळं ऑनलाइन, वकील लागत नाही. समितीनेही ३० दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा, असं नियमांत आहे. अपिलात मूळ तक्रारीचा क्रमांक मागतात. ‘रिपोर्ट’ बटणावर विसंबलेले इथेच अडकतात.

साइटकडे तक्रार चालू असताना दलालालाही व्हॉट्सॲपवर दोन ओळी लिहून ठेवा : घर विकलं आहे, जाहिरात काढा. तोंडी सांगितलेलं दलालाला सोयीने आठवत नाही. शिवाय पुढे रेराकडे (बिल्डर आणि एजंटांवर देखरेख ठेवणारं सरकारी प्राधिकरण) जायची वेळ आली तर ‘कळवूनही चालू ठेवली’ हे दाखवता येतं.

घर बघायला गेलेल्या माणसाने काय करावं

आधी जाहिरात खरोखर शिळी आहे का, ते बघा. गुजरातच्या गरवी पोर्टलवर (दस्तनोंदणीची सरकारी साइट) किंवा सबरजिस्ट्रार कचेरीत इंडेक्स-२ ची नक्कल मिळते. दस्त क्रमांक आणि वर्ष माहीत असेल तर काम पटकन होतं. नावावरून शोधताना मराठी आडनावांची गंमत होते. नोंद गुजरातीत असते, आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव. त्यात कुलकर्णीचं ‘कुलकरणी’ होतं आणि देशपांडेचं ‘देशपांडें’. एकदा नाव सापडलं नाही म्हणजे विक्री झाली नाही, असं मानू नये. दोन-तीन वेगळी स्पेलिंगं घालून बघावीत, किंवा सरळ मिळकतीवरून शोधावं.

बडोद्याच्या काही भागांत अशांत धारा (अशांत क्षेत्र कायदा) लागू आहे. अशा ठिकाणी मिळकत हस्तांतरित करण्याआधी कलेक्टरची परवानगी लागते. बानाखत (विक्रीचा आधीचा करार) झालेलं असतं, परवानगीचा अर्ज टाकलेला असतो, आणि तोवर जाहिरात चालूच असते. ती शिळीही नसते आणि घर मोकळंही नसतं. मालकाला फोनवर पहिला प्रश्न हाच विचारावा : बानाखत झालंय का?

भावाचंही तसंच. १५ एप्रिल २०२३ पासून गुजरातेत जंत्रीचे (सरकारने ठरवलेल्या मिळकतीच्या किमतीचे) दर दुप्पट झाले. त्याआधीच्या जाहिरातीत ‘दस्तावेज खर्च अमुक’ असा आकडा असेल तर तो सोडून द्या. मुद्रांक शुल्क ४.९ टक्के (मूळ ३.५ आणि त्यावर ४० टक्के अधिभार) आणि नोंदणी फी १ टक्का. शुल्क लागतं ते जंत्री आणि ठरलेली किंमत यांतली जी जास्त असेल तिच्यावर. म्हणजे ४० लाखांच्या घराला १,९६,००० शुल्क आणि ४०,००० फी. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर फी माफ. नवऱ्याचं नाव जोडलं की माफी गेली.

आता तक्रार. यात घर पुनर्विक्रीचं आहे की नव्या प्रकल्पातलं, यावर सगळं अवलंबून.

नव्या प्रकल्पातलं असेल तर गुजरेरा, म्हणजे गुजरातचं रेरा. जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत किंवा घरं आठपर्यंत असलेले प्रकल्प सोडले तर बाकीच्यांना नोंदणी लागते, आणि जाहिरातीत नोंदणी क्रमांक व रेराच्या साइटचा पत्ता असणं बंधनकारक आहे. क्रमांक घेऊन गुजरेराच्या साइटवर प्रकल्प उघडा. बिल्डरला दर तीन महिन्यांनी किती घरं बुक झाली, बांधकाम कुठवर आलं, कुठल्या मंजुऱ्या मिळाल्या, हे तिथे भरावं लागतं. जाहिरातीत ‘शेवटची काही घरं’ आणि तिमाही माहितीत सगळी बुक, असं दिसलं तर दोन्ही स्क्रीनशॉट एकाच दिवशी काढा. प्रकल्प पूर्ण व्हायची तारीखही तिथेच बघा. आणि जाहिरातीत ‘बीयू मिळालं’ लिहिलं असेल (इमारत वापरायची परवानगी, महाराष्ट्रातले नातेवाईक ज्याला ओसी म्हणतात तेच) तर त्याची प्रत तिथे चढवलेली आहे का, तेही.

तक्रार रेरा कायद्याच्या कलम ३१ खाली बिल्डर किंवा एजंट, कोणाच्याही विरुद्ध करता येते. कलम १२ बिल्डरच्या चुकीच्या जाहिरातीबद्दल आहे : तिच्यावर भिस्त ठेवून आगाऊ रक्कम दिली आणि नुकसान झालं तर भरपाई, आणि व्यवहारातून बाहेर पडायचं असेल तर पैसे व्याजासह परत. एजंटाला कलम १० लागू. जी सेवा द्यायचीच नाही तिची जाहिरात चालू ठेवणं हा त्यात अनुचित प्रकार ठरवलाय. विकलेलं घर दाखवून ‘ते गेलं, पण दुसरं आहे’ म्हणणं यात अगदी फिट बसतं. नोंदणीच नसलेल्या एजंटाला दिवसाला १०,००० रुपये, एकूण घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. बिल्डरच्या स्वतःच्या साइटवरची जाहिरात असेल तर मध्यस्थाचे नियम विसरा, थेट इथे या.

रावपुऱ्यातला जुना फ्लॅट किंवा दांडिया बजारातलं वाड्यातलं घर असेल, तर रेराचा उपयोग नाही. पुनर्विक्रीची खासगी घरं आणि त्यांचे दलाल सहसा त्या कक्षेबाहेर. तिथे साइटचा तक्रार अधिकारी, आणि साइटला किंवा दलालाला पैसे दिले असतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. मराठीत बोललं तरी चालतं. नुसते पाय दुखले, पैसे गेले नाहीत, तर ग्राहक आयोगात जाऊन फार काही हाती लागणार नाही. तेवढ्यासाठी तिथे जाऊ नये. पैसे गेले असतील तर मात्र दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगात जाता येतं. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही.

भाड्याच्या शिळ्या जाहिरातीत एक धोका वेगळा. कोणीतरी तिच्यातले फोटो उचलून नवी जाहिरात करतो आणि घर दाखवण्याआधीच टोकन किंवा ‘गेट पास’चे पैसे मागतो. पैसे गेले असतील तर तक्रार अधिकारी, रेरा सगळं बाजूला ठेवून आधी १९३० ला (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) फोन. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त. बँकेचा व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा, तो लगेच विचारतात.

पान उतरल्यावर

साइटवरून जाहिरात गेली तरी गूगलच्या शोधात जुनं शीर्षक, भाव, कधी दिवाणखान्याचा फोटोही आठवडे राहतो. त्यासाठी गूगलचं ‘रिफ्रेश आउटडेटेड कंटेंट’ हे फुकट साधन आहे. मालकी सिद्ध करावी लागत नाही, फक्त पान खरोखर उतरलेलं किंवा बदललेलं हवं. पान अजून जिवंत असताना अर्ज केला तर तो नाकारला जातो, म्हणून साइटचं उत्तर आल्यावरच करा. पानाचा वेबपत्ता एकदा, आणि फोटो शोधात येत असेल तर फोटोचा वेगळा अर्ज. आणि ज्या वेबपत्त्यांची यादी सुरुवातीला केली होती, ती इथे पुन्हा बाहेर काढा. पाच जाहिराती होत्या तर पाच अर्ज.